पात्रांच्या बाजूने बोलणारे वाचक

वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे रोज प्रसिद्ध होणाऱ्या चित्रमालिकांवर वाचक जी टीका करतात, तिच्याकडे आपल्याकडे फारशा गांभीर्याने पाहिले जात नाही. कादंबरीवर किंवा नाटकावर लिहिणाऱ्याला आपण समीक्षक म्हणतो. पण तीन-चार चौकटींच्या मालिकेतले एखादे पात्र आज स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागले, असे संपादकांना कळवणाऱ्या माणसाला मात्र रिकामटेकडा समजण्याची पद्धत आहे. पुण्यासारख्या शहरात, जिथे वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर अग्रलेखाइतक्याच निष्ठेने वाचले जाते, तिथे तरी असे होऊ नये. अशी टीका मी बरीच वाचली आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: या टीकेतला सर्वांत मोलाचा भाग तो, ज्यात वाचक एखाद्या पात्राच्या वतीने बोलतो आणि त्या पात्राला त्याच्या निर्मात्याने न्याय दिलेला नाही, हे त्याच मालिकेतले दाखले देऊन सिद्ध करतो.

वाचकाला हा अधिकार कुठून मिळतो, हे समजण्यासाठी या मालिका कशा तयार होतात ते पाहावे लागते. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही लहान मुलांच्या टोळीवरची अमेरिकन मालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० रोजी तिचा शेवटचा भाग छापला गेला. त्याच्या आदल्याच दिवशी शुल्झ यांचे निधन झाले होते. या जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांनी साडेसतरा हजारांहून अधिक भाग काढले, तेही मदतनीस न घेता, स्वतःच्या हाताने. इतके काम करणाऱ्याला रोज नवी कल्पना हवी असते आणि भाग छापून येण्याच्या कित्येक आठवडे आधी तो पूर्ण करून सिंडिकेटकडे, म्हणजे वर्तमानपत्रांना मालिका पुरवणाऱ्या संस्थेकडे, द्यायचा असतो. अशा वेळी व्यंगचित्रकार पात्राच्या ठरलेल्या लकबींचा आधार घेतो, आणि दहा वर्षांपूर्वी आपण त्या पात्राच्या तोंडी काय घातले होते, हे त्याच्या लक्षात राहतेच असे नाही. वाचकाच्या मात्र ते लक्षात असते. तो रोज सकाळी त्या पात्राला अर्धा मिनिट भेटलेला असतो, आणि अशी अर्धी-अर्धी मिनिटे वीस-तीस वर्षे साठत गेली की त्याला त्या पात्राची जी ओळख होते, ती कोणत्याही कादंबरीच्या वाचकाला होत नाही.

या प्रकारच्या टीकेचे सर्वांत ठळक उदाहरण माझ्या दृष्टीने लिन जॉन्स्टन यांच्या ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ या कॅनडातील मालिकेचे आहे. १९७९ साली सुरू झालेल्या या मालिकेत पॅटर्सन कुटुंबातील माणसे वाचकांच्या बरोबरीने वयाने वाढत गेली. ही कल्पना त्याआधीही वापरली गेली होती. फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलिन अ‍ॅली’ या १९१८ सालच्या मालिकेत १९२१ मध्ये दारात सापडलेले तान्हे मूल, स्कीझिक्स, पुढे मोठे होऊन दुसऱ्या महायुद्धात लढले. पण जॉन्स्टन यांनी या पद्धतीने एका मध्यमवर्गीय घराचा जवळजवळ तीन दशकांचा इतिहास लिहिला. मुले शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली. १९९५ मध्ये फार्ली हा घरचा म्हातारा कुत्रा नदीत पडलेल्या धाकट्या एप्रिलला वाचवून मेला, तेव्हा वाचकांनी दुःखाची आणि संतापाची असंख्य पत्रे लिहिली. कुत्र्याला का मारले, हा त्या रागातला प्रश्न मला समजतो, पण पटत नाही. ज्या मालिकेत माणसे म्हातारी होतात, तिथे कुत्राही म्हातारा होणार आणि जाणार, हा त्या मालिकेचाच नियम होता आणि जॉन्स्टन तो प्रामाणिकपणे पाळत होत्या.

एलिझाबेथच्या बाबतीत झालेली टीका मात्र वेगळ्या जातीची होती, आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. पॅटर्सनांची ही थोरली मुलगी शिक्षिका झाली, उत्तरेकडच्या एका आदिवासी गावात शिकवायला गेली, तिथल्या लोकांत रमली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. ही वर्षे मालिकेतली उत्तम वर्षे होती, असे मानणारे वाचक पुष्कळ आहेत. पुढे मात्र ती गाव सोडून घराकडे परतली आणि २००८ मध्ये शाळेच्या दिवसांतला मित्र अँथनी याच्याशी तिचे लग्न लावून मालिकेची मुख्य कथा संपवण्यात आली. वाचकांचा आक्षेप तिने लग्न केले याला नव्हता. हाच अँथनी स्वतः विवाहित असताना, तेही एलिझाबेथ एका हल्ल्यातून नुकतीच बचावलेली असताना, आपले मन तिच्यापाशी मोकळे करून तिला थांबायला सांगतो, हे त्यांनी वाचलेले होते. त्याची पहिली बायको तेरेझ ही नोकरीला महत्त्व देणारी, म्हणून थंड आणि मत्सरी रंगवली गेली, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. मालिकेच्या शेवटी सगळे धागे जुळावेत म्हणून एका मोकळ्या मुलीला तिच्या आईच्या आयुष्याची आवृत्ती बनवले गेले, अशी त्यांची तक्रार होती. आई एली हिने तरुणपणी घर आणि स्वतःच्या इच्छा यांच्या ओढाताणीत जे सोसले, ते याच मालिकेने सुरुवातीच्या काळात किती बारकाईने दाखवले होते! त्यामुळे वाचक जॉन्स्टन यांच्याशी भांडत होते ते जॉन्स्टन यांनीच शिकवलेल्या गोष्टींच्या आधारे. तेरेझची बाजू घेणारे वाचक तर मला विशेष आदरणीय वाटतात. मालिकेत जिचे म्हणणे कोणीच ऐकून घेतले नाही, त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे ही वाचनाची फार मोठी पायरी आहे.

याच मालिकेबाबत १९९३ मध्ये निराळीच टीका झाली होती. पॅटर्सनांचा थोरला मुलगा मायकल याचा मित्र लॉरेन्स आपण समलिंगी असल्याचे घरी सांगतो, हे कथानक सुरू होताच अनेक वाचकांनी वर्तमानपत्रांकडे निषेध नोंदवला, काही दैनिकांनी मालिका बंद केली आणि इतर काहींनी त्या आठवड्यांत जुने भाग छापले. ही टीका संख्येने मोठी होती, पण तिच्यात लॉरेन्स कुठेच नव्हता. हा मुलगा असे बोलेल का, त्याची आई अशी वागेल का, हे त्यात कोणी तपासत नव्हते. आपल्या सकाळच्या पानावर अमुक एक विषय दिसू नये, एवढीच ती मागणी होती. दोन्ही वेळा वाचक रागावलेलेच होते, म्हणून दोन्ही टीका सारख्या ठरत नाहीत. टीकेत पात्राचा विचार किती आहे, हे पाहिले की त्यांतला फरक स्पष्ट होतो.

व्यंगचित्रकाराने वाचकाचे ऐकावे का, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. पण ‘पीनट्स’मधल्या फ्रँकलिनची हकिकत या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच हॅरिएट ग्लिकमन या कॅलिफोर्नियातील शिक्षिकेने शुल्झ यांना पत्र लिहून, तुमच्या मुलांच्या टोळीत एखादे कृष्णवर्णीय मूल यावे, असे सुचवले. शुल्झ यांनी उत्तर दिले आणि आपली अडचणही सांगितली: असे पात्र आणले तर ते कृष्णवर्णीयांवर उपकार केल्यासारखे दिसेल, अशी त्यांना भीती होती. ग्लिकमन यांनी तेवढ्यावर विषय सोडला नाही. आपल्या कृष्णवर्णीय परिचितांकडून त्यांनी शुल्झ यांना पत्रे लिहवून घेतली आणि ३१ जुलै १९६८ च्या भागात समुद्रकिनारी मालिकेचा नायक चार्ली ब्राऊन याचा हरवलेला चेंडू परत देणारा फ्रँकलिन प्रथम दिसला. त्याचे वडील व्हिएतनाममध्ये आहेत, हेही वाचकांना कळले. पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसलेला दाखवू नये, अशी दक्षिणेकडच्या एका संपादकाची सूचना आली, तेव्हा शुल्झ यांनी तिची दखल घेतली नाही. एका पत्राला त्यांनी सविस्तर उत्तर दिले आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले. वाचकांचे आणि संपादकांचे किती ऐकायचे, याचा याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही.

परंतु फ्रँकलिनची कथा इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कालांतराने वाचकांनी असे दाखवून दिले की फ्रँकलिन हे पात्र फिकेच राहिले. या मालिकेतल्या प्रत्येक मुलात काही ना काही वेड किंवा उणीव आहे. लायनसला त्याची दुलई सोडवत नाही, ल्यूसीला सगळ्या जगावर हुकूम चालवायचा असतो, श्रोडर पियानोपलीकडे पाहत नाही, आणि चार्ली ब्राऊन तर अपयशाचा मूर्तिमंत अनुभव. फ्रँकलिन मात्र नीटनेटका, समंजस, अभ्यासू. शुल्झ यांना ज्या गोष्टीची भीती वाटत होती, तीच थोड्या वेगळ्या रूपात घडली: त्याला दोष देण्याचे धाडस न झाल्यामुळे त्याला स्वभावही मिळाला नाही. १९७३ च्या थँक्सगिव्हिंगच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला एकटाच बसलेला दिसतो, यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. पण फ्रँकलिनला इतरांसारखे वेड मिळाले नाही, ही टीका मला त्याहून खोल वाटते. ती करणारा वाचक फ्रँकलिनसाठी सन्मानापेक्षा मोठी गोष्ट मागतो. त्या टोळीतल्या इतर मुलांइतकेच त्यालाही चुकण्याचा हक्क असावा, असे तो म्हणतो.

आपल्याकडच्या वाचकांनी असेच प्रश्न ‘वेताळ’ला विचारायला हवे होते. ली फॉक यांचा फँटम हा मुखवटाधारी नायक १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत अवतरला आणि १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून तो मराठी घरांत वेताळ म्हणून पोहोचला. पुण्यातल्या माझ्या आधीच्या पिढीला कवटीची गुहा, तुफान घोडा आणि शेरा हा लांडगा यांची नावे आजही तोंडपाठ आहेत, आणि मीही त्याच पिढीने जपलेल्या अंकांवर वाढलो. मूळ मालिकेतल्या देशाचे बंगाला हे नाव इथे छापताना डेंकाली करण्यात आले, म्हणजे भारतीय वाचकाला काय खटकेल याचा विचार प्रकाशकांनी केला होता. पण जे खरे खटकायला हवे होते, ते तसेच राहिले. एका गोऱ्या घराण्यातले एकवीस पुरुष चारशे वर्षे एका जंगलावर अधिकार गाजवतात आणि तिथल्या सगळ्या जमाती त्याबद्दल कृतज्ञ असतात, हे गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या देशाने इतक्या सहज स्वीकारावे, याचे मला मोठेपणी नवल वाटू लागले. गुरनचाच विचार करा. तो बांदार जमातीचा प्रमुख, वेताळाचा बालमित्र, त्याची सगळी गुपिते सांभाळणारा. त्याची स्वतःची इच्छा, त्याचा स्वतःचा राग, आपल्या लोकांच्या भवितव्याविषयीची त्याची मते वाचकाला किती वेळा ऐकायला मिळाली? फॉक यांच्याच ‘मँड्रेक’मधला लोथार तर आफ्रिकेतला राजपुत्र, तरी सुरुवातीच्या वर्षांत तो बिबळ्याचे कातडे पांघरून, मोडकेतोडके इंग्रजी बोलत जादूगाराच्या मागे चालत असे. काळ बदलला, आक्षेप वाढले आणि १९६० च्या दशकात चित्रकार बदलल्यावर लोथारची भाषा आणि वेष दोन्ही सुधारले गेले. मालिका तीच राहूनही पात्राला न्याय देता येतो, हे यावरून दिसते.

मॉर्ट वॉकर यांच्या ‘बीटल बेली’ या लष्करी छावणीवरच्या मालिकेतही तसेच घडले. कार्यालयातल्या मिस बक्सलीकडे वखवखलेल्या नजरेने पाहणारा जनरल हाफट्रॅक हा कित्येक वर्षे विनोदाचा हुकमी विषय होता. स्त्री-वाचकांनी आणि काही संपादकांनी त्यावर सातत्याने हरकत घेतली, आणि शेवटी १९९७ मध्ये वॉकर यांनी जनरलला वर्तणूक सुधारण्याच्या प्रशिक्षणाला पाठवले. असा बदल झाला की मालिकेतला विनोद संपतो, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते. माझ्या मते जो विनोद एका पात्राला फक्त पाहण्याची वस्तू बनवून उभा राहतो, तो पंचवीस वर्षे चालला हेच आश्चर्य आहे.

वाचकांच्या टीकेतला एक प्रकार मात्र मला कधीच आपला वाटला नाही, आणि दुर्दैवाने संपादकांवर सर्वांत जास्त परिणाम त्याचाच होतो. ‘पूर्वी होते तसेच राहू द्या’ ही ती मागणी. दैनिकाने एखादी जुनी मालिका बंद करून नवी सुरू केली की जुन्या वाचकांचे फोन आणि पत्रे सुरू होतात. नव्या मालिकेच्या बाजूने लिहिणारे कोणी नसते, कारण तिचे वाचक अजून तयारच झालेले नसतात. या दबावामुळे मूळ व्यंगचित्रकार गेल्यानंतरही मालिका वारसांच्या किंवा नेमलेल्या चित्रकारांच्या हाताने चालू राहतात. चिक यंग यांची १९३० मधली ‘ब्लाँडी’ आजही चालू आहे. शुल्झ यांनी आपल्यानंतर ‘पीनट्स’चे नवे भाग कोणी काढू नयेत, अशी इच्छा व्यक्त केली आणि ती पाळली गेली, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. वेताळाच्या बाबतीत नवा हात त्यातल्या त्यात शोभतो, कारण मुखवटा एका पिढीकडून दुसरीकडे जातो हा त्या कथेचाच पाया आहे. इतर ठिकाणी मात्र वाचकाचे प्रेम पात्रावर राहिलेले नसते, ते सवयीवर असते.

पुण्यात बसून हे सगळे लिहिताना चिंटूचा विचार टाळता येत नाही, आणि टाळण्याचे कारणही नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये प्रथम आला, आणि मराठी दैनिकात रोज भेटणारे, स्वतःची गल्ली, स्वतःचे मित्र आणि स्वतःचे शेजारी असलेले असे पात्र तोवर आपल्याकडे जवळजवळ नव्हतेच. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन होता. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळाही आहे. पण तो एका चौकटीतला साक्षीदार, आणि न बोलणे हेच त्याचे व्यक्तिमत्त्व. चिंटू बोलला, आणि आमच्या घरात बोलतात तसे बोलला. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, जोशी काकू ही नावे पुण्यातल्या कित्येक घरांत नातलगांच्या नावांइतकी सहज उच्चारली गेली. चिंटू वाढत नाही, तो अजून शाळकरीच कसा, अशी तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ती मला मान्य नाही. थांबलेला काळ हा या मालिकेचा पहिल्या दिवसापासूनचा करार आहे. चार्ली ब्राऊन पन्नास वर्षांत कॉलेजात गेला नाही, तसा चिंटूही जाणार नाही, आणि म्हणूनच आजी, आई आणि नातू अशा तीन पिढ्यांना तो समवयस्क वाटू शकतो.

पण काळ थांबवला की व्यंगचित्रकारावर एक जबाबदारी येते. मुले वाढणार नसतील, तर ती खोलवर उमजत गेली पाहिजेत. वयाने मिळाला असता तो बदल आपल्याला त्यांच्या स्वभावाच्या नव्या बाजू दिसल्याने मिळायला हवा. चिंटूच्या बाबतीत ही अपेक्षा पुष्कळदा पूर्ण झाली आहे, विशेषतः त्याच्या आणि आजी-आजोबांच्या प्रसंगांत, जिथे हसू येते आणि मागे काहीतरी राहूनही जाते. त्याच्याभोवतीच्या माणसांबद्दल मात्र माझ्या मनात प्रश्न आहेत, आणि ते मी याच मालिकेवरच्या प्रेमाने विचारतो. मिनी चिंटूच्या घरी येते, त्याच्याशी भांडते, खेळते, आणि मग आपल्या घरी जाते. त्या घरात गेल्यावर ती कोणाशी बोलते, कशाला घाबरते, चिंटू नसताना तिचा रविवार कसा जातो? जोशी काकू मुलांच्या नजरेतून आपल्याला नेहमी दिसतात. काकूंच्या नजरेतून ती मुले कशी दिसतात? चिंटूचे संग्रह पुन्हा वाचायला काढणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे की त्यांनी एकदा सगळे भाग मिनीच्या किंवा जोशी काकूंच्या बाजूला बसून वाचावेत, जे खटकेल ते नोंदवावे आणि व्यंगचित्रकारापर्यंत पोहोचवावे. ग्लिकमन बाईंच्या पत्राला उत्तर आले होते.